विमानातली हवा आणि यजमानांची क्रोसीन

पत्र असं आहे :

"डॉक्टर, मी सांगलीला विश्रामबागेत राहते. वय ६४, शाळेतून निवृत्त झाले. यजमान ६९ वर्षांचे, त्यांना जुना मधुमेह, शिवाय रक्तदाबाची गोळी चालू. मुलगी जर्मनीत असते. तिचं पहिलं बाळंतपण आहे, म्हणून आम्ही दोघं २४ दिवसांनी मुंबईहून फ्रँकफर्टला निघतोय. पण सध्या फ्लूची साथ जोरात आहे, आमच्या गल्लीत घरटी एक माणूस खोकतोय. विमानात म्हणे बंद डब्यात तीच तीच हवा सगळ्यांच्या नाकातून फिरते. शेजारच्या काकू म्हणतात, आधीच अँटिबायोटिकचा कोर्स करून निघा. यजमान म्हणतात, 'ताप आलाच तर क्रोसीन घेऊन निघू, विमानतळावरच्या यंत्राला काय कळतंय!' मुलगी फोनवर रडवेली होते. जावं की तिकीट रद्द करावं? आणि जाता जाता विचारते, तिला साताऱ्याचे कंदी पेढे फार आवडतात. नेता येतील का?"

ताई, पेढ्यांचं शेवटी सांगते. आधी हे पान यजमानांच्या हातात द्या. तुमच्या अख्ख्या पत्रात मला धास्ती वाटली ती विमानाची नाही, त्या क्रोसीनची.

यजमानांचं एक खरं आहे. यंत्राला फारसं कळत नाही. दारावरचा थर्मल कॅमेरा फक्त कातडीची उष्णता बघतो. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोन. त्या मधल्या काळात माणूस हसत-खेळत कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. पॅरासिटामॉल, म्हणजे हीच क्रोसीन, घेतलेला तर जातोच. पण म्हणजे फसलं कोण? ताप उतरला म्हणून विषाणू कुठे पळत नाही. क्रोसीनने अंग हलकं वाटतं, माणूस उठून बसतो, चार लोकांत मिसळतो आणि खोकत राहतो. आणि यजमान तो खोकला घेऊन चालले आहेत कुणाकडे, तर नवव्या महिन्यातल्या लेकीकडे. गरोदर बाईला फ्लू साधा जात नाही. २००९च्या स्वाइन फ्लूत आम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. फुप्फुसात उतरला तर आईला आणि बाळाला, दोघांनाही जड जातो. जन्मलेल्या बाळाचं तर विचारूच नका, सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लसही देता येत नाही.

तेव्हा तुम्ही विचारलेला प्रश्न थोडा फिरवून घेऊ. विमानात आम्हाला काय होईल, हा एक भाग झाला. आम्ही तिथे पोचताना बरोबर काय घेऊन पोचू, हा मोठा भाग.

जायचं की नाही? जायचं. पण निघायच्या दिवशी दोघंही खणखणीत असाल तरच.

आता त्या "तीच तीच हवा" विषयी. ही समजूत इतकी पक्की बसलीय की माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यात शिकलेसवरलेले लोकही ती ऐकवतात. प्रत्यक्षात मोठ्या प्रवासी विमानातली निम्मी हवा सतत बाहेरून येते, आणि उरलेली निम्मी जी परत फिरवतात ती हेपा नावाच्या फिल्टरमधून गाळून. ०.३ मायक्रॉनचे कण हा फिल्टर ९९.९७ टक्के अडवतो. ऑपरेशन थिएटरला वापरतात त्याच जातीचा. तासाभरात वीस ते तीस वेळा केबिनमधली हवा बदलते. तुमच्या-माझ्या दिवाणखान्यात पंखा लावून, खिडकी लावून आठ पाहुणे बसतात, तिथली हवा याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय विमानात हवा वरून, छताकडून येते आणि पायाशी भिंतीलगतच्या फटींतून निघून जाते. पहिल्या रांगेतल्याची शिंक चाळिसाव्या रांगेपर्यंत वाहत जावी अशी ती फिरत नाही.

पण हे सगळं यंत्रणा चालू असताना. बंद असली तर काय होतं याचं एक उदाहरण डॉक्टरांना पाठ असतं. १९७७ साली अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे तीन तास जमिनीवर अडकलं. आत ५४ माणसं, त्यातली एक फ्लूने फणफणलेली, आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद. पुढच्या तीन दिवसांत त्यातले ७२ टक्के लोक आजारी पडले. एका माणसापासून! तेव्हा मास्क कधी घालायचा हे मी तुम्हाला उलटं सांगणार आहे. लोक आकाशात गेल्यावर मास्क आठवून घालतात आणि रांगेत, बोर्डिंगच्या बोळात, एअरोब्रिजवर, विमान उभं असताना, उतरताना सगळे एकदम उठून सामान काढतात तेव्हा हनुवटीवर ओढतात. नेमकं तेव्हाच नाका-तोंडावर हवा. विमान सुटायला उशीर झाला, आत बसवून ठेवलं आणि उकडायला लागलं, तर मास्क नाकावर दाबून बसवा आणि हवाई सुंदरीला निःसंकोच विचारा की एसी कधी चालू होणार. उद्धटपणा नाही तो.

मास्क एन-९५ घ्या, कापडी नको. यजमानांना दाढी असेल तर त्या दिवसापुरती काढायला सांगा, केसांच्या फटीतून हवा शिरते. ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. आमच्याकडेही ऐकत नाहीत.

खरा धोका जवळच्या माणसाकडून. साथीच्या आजाराचा प्रवासी सापडला की आरोग्य खातं साधारण दोन रांगा पुढच्या आणि दोन रांगा मागच्या प्रवाशांची विचारपूस करतं, त्याचं कारण हेच. मग सीट कुठली घ्यावी? खिडकीची. खिडकीत बसलेला माणूस कमी उठतो, आणि येणारे-जाणारे, गाडी ढकलणारे, पोरं, कुणाचीच त्याच्याशी फारशी गाठ पडत नाही. तुम्ही दोघं आहात, तर खिडकीची सीट यजमानांना द्या, मधली तुम्ही घ्या. लघवीला उठण्यावरून त्यांची कुरकुर होईल, मधुमेह्यांना जावं लागतंच. जाऊ द्या, पण आल्यावर हात पुसायला लावा. डोक्यावर हवेचं फिरवायचं तोंड असेल तर ते मध्यम ठेवून चेहऱ्याच्या जरा पुढून खाली जाईल असं वळवा. काही मोठ्या विमानांत ते नसतं, शोधत बसू नका.

समोरचा ट्रे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा स्वतःचा डोळा तिथे उघडला. एकदा बंगळुरूहून पुण्याला येत होते. पलीकडच्या सीटवरच्या आजोबांनी ट्रे उघडला, कवळी काढून त्यावर ठेवली, चष्मा ठेवला, मग त्याच ट्रेवर पुडी सोडून चिवडा ओतला आणि बोटांनी खाल्ला. त्या ट्रेवर त्यांच्या आधी कोण शिंकलं असेल, कुणाचं लंगोट बदललं असेल, देव जाणे. फ्लूचा विषाणू प्लॅस्टिक-स्टीलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर दिवस-दोन दिवस टिकू शकतो. हातावर जेमतेम पाच मिनिटं. म्हणजे ट्रेवरून बोटावर, बोटावरून डोळ्यात-नाकात जायला पाच मिनिटं पुरतात, पण मध्ये हात धुतले तर साखळी तुटते. सीटवर बसल्याबसल्या जंतुनाशक वाइपने ट्रे, त्याची कडी, हातांचे दांडे, पट्ट्याचं बक्कल आणि समोरचा टीव्ही पुसून घ्या. पुढच्या सीटच्या खिशात हात घालू नका, तिथे लोक वापरलेले रुमाल कोंबतात. सॅनिटायझर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोलचं घ्या, बाटली १०० मिलिलिटरच्या आतली, नाहीतर सुरक्षा तपासणीत काढून टाकतील.

जेवणाचं काय, मास्क काढावाच लागणार ना? काढा. शेजारचा जेवत असताना तुम्ही थांबा, त्याचं झालं, त्याने मास्क चढवला किंवा तोंड मिटलं, की मग तुम्ही जेवा. पाणी मात्र पीत राहा. केबिनची हवा फार कोरडी असते, ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. नाक-घसा कोरडा पडतो, आणि तसा तो त्रासदायकच. मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब बरोबर ठेवले तर बरं वाटतं.

आणि शेजारीच खोकणारा आला तर? आपल्याकडे लोक तोंड वळवून बसतात आणि नऊ तास मनात शिव्या देतात. जादा दोन मास्क पर्समध्ये ठेवा. "दादा, मास्क हवाय का? माझ्याकडे जास्तीचा आहे," असं हसून म्हटलं की शंभरातले नव्वद घेतात. खोकणाऱ्याने मास्क घालणं तुम्ही घालण्यापेक्षाही जास्त उपयोगी, कारण उडणारे थेंब तिथेच अडतात. नाही घेतला तर केबिन क्रूला हळूच सांगा. त्यांच्याकडे अशा वेळेसाठी मास्क असतात, आणि दारं बंद झाल्यावर मागे जागा रिकामी असेल तर ते तुम्हाला हलवूही शकतात. कुणी फारच आजारी दिसला तर उतरण्याआधी वैमानिकाने खालच्या विमानतळाला कळवायचं असतं. तो आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचाच भाग आहे, कुणाची चुगली नव्हे.

आता, ताई, विमानापेक्षा मला ज्याची भीती वाटते ते सांगते. तुम्ही मुंबईला कशा जाणार हे लिहिलंच नाहीत, पण सांगलीकर म्हणजे रात्रीची स्लीपर ट्रॅव्हल्स, हे न सांगता कळतं. जेवून निघायचं आणि पहाटे मुंबईत डोळे उघडायचे. त्या बसचा विचार करा. काचा सील, पडदे ओढलेले, एसीची हवा आतल्या आत फिरतेय आणि विमानासारखा फिल्टर त्यात नाही. हाताच्या अंतरावर वरच्या बर्थवर कुणीतरी रात्रभर खाकरतोय, तो दिसतही नाही. आणि ते कंबल! घडी केलेलं मिळतं म्हणून धुतलेलं असतंच असं नाही. मी एकदा साताऱ्याहून चढले तर माझ्या कंबलात आधीच्या प्रवाशाची व्हिक्सची डबी निघाली. तेव्हापासून मी घरची शाल नेते. आठ-नऊ तास विमानात बसण्याची तुम्ही धास्ती घेतलीत, आणि तेवढेच तास या डब्यात काढायला सहज तयार आहात.

दुसरे रस्ते आहेत. घरची किंवा भाड्याची गाडी असेल तर खिडक्या थोड्या उघड्या ठेवून दिवसा जा, वाटेत साताऱ्याला चहाला थांबा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचं तर साध्या स्लीपरला निदान खिडक्या उघडतात. वारा लागतो, झोप कमी होते, पण हवा खेळती राहते. किंवा कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचं सोयीच्या वेळेचं विमान मिळतंय का ते पाहा. ट्रॅव्हल्सशिवाय पर्यायच नसेल तर रात्रभर मास्क, स्वतःची शाल, आणि मुंबईत एक दिवस आधी पोचणं. धावतपळत सहारला उतरून थकलेल्या अंगाने पुन्हा दोन-तीन तास रांगांत उभं राहणं यजमानांच्या साखरेलाही मानवणार नाही.

लस. तुमच्याकडे २४ दिवस आहेत ही चांगली गोष्ट. फ्लूची लस टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून या आठवड्यातच दोघांनी घ्या. तुम्हाला साठी उलटली म्हणून, त्यांना साठी अधिक मधुमेह म्हणून. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण झाला तरी बहुधा दवाखान्यात भरती व्हायची वेळ येत नाही. ही लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. गेल्या वर्षी घेतली होती हे उत्तर चालत नाही. मुलीलाही तिथल्या डॉक्टरांना विचारून, अजून घेतली नसेल तर घ्यायला सांगा. गरोदरपणात घेतलेल्या लसीची ताकद बाळालाही जाते, आणि ते पहिले काही महिने त्याचं तेवढंच चिलखत. डांग्या खोकल्याच्या लसीबद्दलही दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारा. आजी-आजोबांकडून बाळाला जाणारा तो दुसरा आजार.

शेजारच्या काकूंच्या अँटिबायोटिकचं एका वाक्यात : फ्लू विषाणूचा, अँटिबायोटिक जिवाणूवर, म्हणजे कुलूप एका दाराचं आणि किल्ली दुसऱ्याची. २००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू झाला, तेव्हा साताऱ्यातसुद्धा लोक गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या बांधून माझ्याकडे यायचे. त्या निदान निरुपद्रवी होत्या, वासाने दवाखानाही छान व्हायचा. उगाच घेतलेलं अँटिबायोटिक निरुपद्रवी नसतं. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचं औषध आहे, ते लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि यजमानांच्या बाबतीत वेळ न दवडता. साठीच्या पुढचा मधुमेही असेल तर "दोन दिवस बघू" म्हणायचं नसतं. दम लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय.

आता निघायच्या आठवड्यात खरोखर ताप आला तर. इथे कडक राहा. क्रोसीन न घेता पूर्ण २४ तास ताप नसणं ही किमान अट. फ्लू झालेला माणूस लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो, आणि तिकडे गरोदर लेक वाट बघतेय, म्हणून मी तुम्हाला पूर्ण आठवडा थांबायला सांगेन. विमान कंपनीला आधी फोन करा, डॉक्टरांचा दाखला द्या, तारीख बदलून घ्या. बदलाचे पैसे लागतील, ते बहुधा न सांगता विमान चुकवण्यापेक्षा कमी असतात. आजारी दिसणाऱ्या प्रवाशाला विमानात न घेण्याचा अधिकार कंपनीला असतोच. काउंटरवर खोकत उभं राहून, बॅगा परत घेऊन, रात्री दोन वाजता मुंबईत जागा शोधत फिरण्यापेक्षा सांगलीत अंथरुणावर असलेलं बरं. जर्मनीच्या व्हिसासाठी तुम्ही ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा काढलाच असेल, तो सक्तीचा असतो. त्याची पॉलिसी भिंगाखाली धरून वाचा. जुन्या मधुमेहाचा खर्च त्यात धरलाय का, आणि आजारपणामुळे प्रवास रद्द झाला तर काही मिळतं का, हे दोन्ही आजच बघा.

नुसती सर्दी असेल, ताप नसेल, तरी दोन गोष्टी. एक कानाची. उडत्या विमानात आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तुम्ही नऊ तास कळसूबाईच्याही वर बसलेल्या असता. उतरताना दाब पुन्हा वाढतो, आणि नाक चोंदलेलं असेल तर कान उघडत नाही. मी सर्दी अंगावर काढून एकदा प्रवास केला होता. विमान खाली यायला लागलं तसं कानात कुणी दाभण घालतंय असं झालं, डोळ्यांतून पाणी. डॉक्टर असून! पुढे पाच दिवस एका कानाने बहिरी होते. नाक मोकळं करणारे थेंब उतरण्याच्या अर्धा तास आधी टाकतात, गिळत-चघळत राहतात, पण ते थेंब तीन-चार दिवसांपलीकडे नकोत. दुसरी गोष्ट रक्तदाबाची. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत रक्तदाब वाढवणारं औषध असतं. यजमानांनी दुकानातून परस्पर कुठलीही घेऊ नये. त्यांची सगळी रोजची औषधं, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर मोठ्या बॅगेत अजिबात नको, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

पोचल्यावर. मला माहीत आहे, दारात लेक पोट सावरत उभी असेल आणि तुम्ही तिच्या गळ्यात पडणार. पडा, मास्क घालून पडा. मग आंघोळ, कपडे धुवायला, आणि पहिले चार दिवस दोघांचं झोपणं वेगळ्या खोलीत, घरात तिच्याजवळ बसताना मास्क. चार दिवस कारण विषाणू अंगात आलाच असेल तर तेवढ्यात दिसून येतो. म्हणूनच बाळंतपणाच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पोचा. बाळ लवकर आलं तर पंचाईत नको.

आणि पेढे. नाही नेता येणार, ताई. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ स्वतःच्या सामानातूनही नेऊ देत नाहीत. पेढा, खवा, तूप सगळं त्यात आलं, आणि तुपातले डिंकाचे लाडूही अडकू शकतात. नुसता डिंक आणि खारीक न्या, भडंगाचा मसाला न्या. लोणी तिथे उत्तम मिळतं, कढवून तूप करा आणि लाडू तिच्याच स्वयंपाकघरात वळा. तिथल्या लोण्यात बहुधा मीठ नसतं, तरी पाकीट घेताना बघून घ्या, खारट तुपाचे लाडू एकदा माझ्या बहिणीने करून पाहिलेत.